बिनकाट्याचा हलवा

वाडीची शाळा, ता. श्रीगोंदा
२२ जानेवारी १९४३

मेहताब,

तिळगूळ घे, गोड बोल. तुझे अजीजभाऊ आज बाजाराला आले होते, त्यांच्याच हाती केडगावला हलवा पाठवते आहे. तिळाचा आहे, खसखशीचा नाही. शाळेत बाईंनी आपल्याला खसखशीचा हलवा शिकवला तेव्हा तुझी बोटं भाजली होती आणि माझ्या हलव्याला काटा आला म्हणून तू दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. यंदा खसखशीच्या हलव्यात माझी जिरली. कंट्रोलची साखर मळकट, पाक दुधाने साफ केला तरी काटा धरेना. मोहरीएवढ्या गुळगुळीत गोळ्या तयार झाल्या. पण त्या कुठे गेल्या ते ऐक, आणि वाचून झालं की पत्र चुलीत घाल.

मास्तरांची पेटी तुला माहीत आहे. कलकत्त्याहून टपालाने होमिओपाथी शिकल्यापासून शाळा सुटली की आमची ओसरी म्हणजे दवाखाना. लेबलं लावलेल्या बुचाच्या कुप्या आणि त्यांत साबुदाण्याहून बारीक पांढऱ्या गोळ्या. करीच्या दिवशी मास्तर धान्याच्या कंट्रोलच्या याद्या करायला श्रीगोंद्याला गेले होते. मी फडताळ झाडायला घेतलं आणि पेटी कलंडली. बुचं उडाली, निम्म्या गोळ्या जमिनीवर, निम्म्या हंड्यात. मी डोक्याला हात लावून बसले. तेवढ्यात दारात भीमाची बायको, काखेत नाक गळणारं पोर. मास्तर नसले की गोळ्या मीच देते. परातीत बिनकाट्याचा हलवा पडला होता. मेहताब, मी सगळ्या कुप्या त्यानेच भरल्या. कुप्यांना स्पिरिटचा वास जन्माचा लागलेला, त्यामुळे संशय यायचं कारण नाही.

आठवडाभरात पोर खडखडीत बरं. भीमाची बायको परवा आडावर सगळ्यांना सांगत होती, "मास्तरांच्या गोळीचा लई गुन हाय बगा." मी पदर तोंडात कोंबून घरात पळाले.

कलकत्त्याला नव्या गोळ्यांची मागणी गेलेली आहे. त्या आल्या की गुपचूप बदलीन.

तुझी साळू

*

केडगाव
१० फेब्रुवारी १९४३

साळू,

पत्र चुलीत घातलं नाही, उशाखाली ठेवलं. लढाई सुरू झाल्यापासून नगरच्या इस्पितळात आम्हा नर्सांपैकी कुणी हसलेलं नाही, म्हणून चार वेळा वाचलं. अजीजभाईंनी विचारलं, काय लिहिलंय. मी म्हटलं, हलव्याला काटा आला नाही म्हणून रडतेय.

आता हसू ओसरल्यावरचं ऐक. भीमाचं पोर तुझ्या हलव्याने बरं झालं नाही आणि कलकत्त्याच्या गोळीनेही झालं नसतं. सर्दीचं पोर आठवड्यात बरं होतंच. आपल्याकडे ताप, खोकला, हगवण बहुतेक आपल्या पायाने येतात आणि आपल्या पायाने जातात, मध्ये जो कुणी काही देईल त्याला श्रेय मिळतं. आमचे डॉक्टर म्हणतात, त्या गोळ्यांत औषध इतकं पातळ केलेलं असतं की शेवटी साखरच उरते. मी हे ऐकलं होतं. तू पेटी उलथून करून दाखवलंस.

साखरेने कुणाचं वाईट होत नाही. वाईट होतं ते वेळेने. मागच्या महिन्यात नगरातल्या एका घरचा मुलगा आणला, घटसर्प. एका भल्या गृहस्थाने त्याला अशाच गोळ्या दिल्या होत्या. दुखणं वाढलं तेव्हा घरच्यांना सांगितलं की आधी रोग उफाळतो, मग बसतो, औषध लागू पडल्याची ती खूण आहे. आणला तेव्हा घसा बंद झाला होता. घटसर्पावर टोचायचं सीरम आमच्या कपाटात होतं, साळू. त्याची आई कपाटाकडे बघत उभी होती आणि मला ते कपाट झाकावंसं वाटलं.

मास्तरांना सांगून टाक. ते वाईट माणूस नाहीत, म्हणूनच सांग.

मेहताब

*

वाडीची शाळा
४ जुलै १९४३

मेहताब,

रागावू नकोस, सांगितलं नाही. कलकत्त्यावर बॉम्ब पडल्यापासून तिकडचं पार्सल नाही, पत्र नाही. कुप्या रिकाम्या होत आल्या की मी चुलीपाशी बसते आणि पुन्हा भरते. आता तर काटा येऊ नये म्हणून जपते. साखर चहातली वाचवते.

का सांगत नाही ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार? आमची यमू तापाने गेली तेव्हा सरस्वती नदीला पूर होता आणि पलीकडे डॉक्टर. मास्तर तिला खांद्यावर घेऊन पाण्यात छातीपर्यंत गेले आणि परत आले. त्यानंतर हा माणूस कुणाशी बोलेना. शाळेत पोरांना पाटीवर काहीतरी लिहायला सांगून खिडकीबाहेर बघत बसायचे. मग कुठूनतरी त्या कोर्साची जाहिरात हाती पडली, पेटी आली, आणि पहिल्यांदा दारात कुणाचं पोर रडलं तेव्हा ते उठून उभे राहिले. मला माझा नवरा त्या पेटीतून परत मिळाला आहे. ती साखर आहे हे मी कोणत्या तोंडाने सांगू?

पण तुझा शब्द मी अगदीच टाकला नाही. कुणाचा ताप चढत असला, पोराला श्वास लागला, की मी मागच्या दाराने बाईला सांगते, गाडी जुंप आणि श्रीगोंद्याच्या दवाखान्यात जा, मास्तरांना बोलू नकोस. दोघी-तिघी गेल्या. त्यांची माणसं बरी झाली त्याचंही श्रेय पेटीलाच मिळालं.

अजून एक विचारायचं राहिलं. शेजारच्या रंगुबाईच्या छातीत गाठ आहे. सुपारीएवढी असेल. दुखत वगैरे काही नाही. दुखत नाही म्हणजे काळजीचं कारण नाही ना? सवडीने कळव, घाई नाही.

साळू

*

केडगाव
८ जुलै १९४३

साळू,

तुझी शेजारीण रंगुबाई मागच्या दिवाळीत वारली. तूच कळवलं होतंस, तिच्या दहाव्याला पाऊस झाला म्हणून. खोटं बोलायलाही सवय लागते, तुला ती नाही.

न दुखणारी गाठच वाईट. दुखली असती तर मी तुला शेक घे म्हणून लिहिलं असतं. या पत्राचं उत्तर लिहीत बसू नकोस, स्वतः ये. श्रीगोंदा रोडला गाडीत बस, नगर स्टेशनावर मी उभी असेन. तुला लाज कशाची वाटते आहे ते मला ठाऊक आहे. ऑपरेशन साहेब करतात, पुरुष आहेत, पण त्यांचं लक्ष रोगाकडे असतं आणि मी सगळा वेळ तुझ्या शेजारी उभी राहीन. तुझा हात सोडणार नाही. लवकर आलेल्या बायका नंतर वर्षानुवर्षं शेतात राबताना मी पाहिल्या आहेत. सगळ्या नाही, पण पाहिल्या आहेत. उशिरा आलेल्या मात्र नाही पाहिल्या.

मास्तरांना दाखवलं आहेस का? खरं सांग.

मेहताब

*

वाडीची शाळा
२ नोव्हेंबर १९४३

मेहताब,

तुझी तीन पत्रं आली, तिन्ही उघडून परत घडी घातली. दिवाळी झाली, आज धीर केला.

होय, मलाच आहे. मास्तरांना मी दाखवलं नव्हतं, त्यांनाच एकदा कळलं. मला वाटलं घाबरतील. ते उठले, दिवा मोठा केला, पुस्तक काढलं आणि माझ्यासमोर बसले. होमिओपाथीत रोग्याला सगळं विचारावं लागतं म्हणे. मला स्वप्नं कसली पडतात, थंडी सोसवते की ऊन, आंबट आवडतं की गोड, एकटीला भीती कशाची वाटते. मेहताब, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मला भीती कशाची वाटते हे कुणी विचारलं नव्हतं. यमूचं नावही आम्ही दोघांनी त्याच दिवशी पुन्हा घेतलं. मी बोलत राहिले, ते लिहीत राहिले. शेवटी त्यांनी कोनियमची कुपी काढली, कागदावर चार गोळ्या ओतल्या आणि माझ्या जिभेवर ठेवल्या. हाताचा स्पर्श होऊ द्यायचा नाही असा नियम आहे.

मी माझाच हलवा खाल्ला. गोड होता.

तेव्हापासून रोज खाते. कांदा, लसूण, हिंग बंद. माझ्या नाकाला वाससुद्धा लागू नये म्हणून त्यांनीही कांदा सोडला आहे. भाकरीबरोबर कांदा नसेल तर या माणसाचं जेवण होत नव्हतं. गाठ आता दुखायला लागली आहे, काखेतही काही लागतं हाताला. मी सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की विचारू नकोस. रोग उफाळला, म्हणजे औषध लागू पडलं. तुझ्या त्या घटसर्पाच्या मुलाची आठवण झाली, पण त्यांचं तोंड बघून बोलवेना.

आता मी जर म्हटलं की मला नगरला न्या, तर मास्तरांच्या बायकोलाच मास्तरांचा गुण येत नाही असं होईल. आणि का येत नाही हे सांगायचं म्हटलं, तर सगळंच सांगावं लागेल. मी स्वतःच विणलेल्या जाळ्यात बसले आहे. पण खरं लिहू? या जाळ्यात मला बरंही वाटतं आहे. ते रोज माझ्याजवळ बसतात.

साळू

*

केडगाव
६ नोव्हेंबर १९४३

साळू,

सुटी मागितली आहे, मिळाली की येते. तू सांग, नाहीतर मी सांगेन. तुझ्या नवऱ्याचा मान राहावा म्हणून तुला मरू द्यायला मी तुझी मैत्रीण झाले नव्हते. जवळ बसायला त्यांना पेटी कशाला लागते? इथे माझ्या वॉर्डात खाटेशेजारी स्टूल आहे, त्यावर बसू देत.

मेहताब

*

वाडीची शाळा
१८ जानेवारी १९४४

मेहताब,

यंदा हलवा नाही. उजवा हात सुजून जड झाला आहे, परातीत फिरत नाही. अक्षर वेडंवाकडं येईल, समजून घे.

डिसेंबरात तू येऊन गेलीस ते डोळ्यांपुढून हलत नाही. मागच्या खोलीत तू मला तपासलंस, पदर नीट केलास आणि बाहेर गेलीस. मास्तरांना म्हणालीस, "हिला माझ्याबरोबर आजच पाठवा." ते म्हणाले, एवढा उफाळ बसू द्या. मग तू पेटीकडे बोट केलंस आणि तोंड उघडलंस. मी दारात होते. मी तुझ्याकडे कसं पाहिलं असेल ते मला माहीत नाही, पण तू बोट खाली घेतलंस. मास्तरांनी मला विचारलं, तुझी काय इच्छा आहे. मी म्हणाले, मला तुमच्या औषधाचा गुण येतोय. तुझा चहा तसाच राहिला.

तुला वाटलं असेल, साळू भेकड. असेन. पण त्या दिवशी तपासताना तुझी बोटं काखेत थांबली तेव्हा मला तुझ्या चेहऱ्यावरून कळलं होतं. वेळ जुलैत होती, ती मी लाजेत घालवली. आता उरलेल्या दिवसांत त्यांच्या हातून पेटी काढून काय मिळवू?

कुप्या मात्र भरलेल्या आहेत. हात धड होता तेव्हा बऱ्याच करून ठेवल्या.

मी गेल्यावरही त्यांना सांगू नकोस. एक मात्र मोकळीक देते. त्या पेटीपायी पुन्हा कुणा बाईचा जीव अडला, तर माझा शब्द धरून बसू नकोस.

तुझ्या बोटावरचा भाजल्याचा डाग अजून आहे, तपासताना पाहिला.

साळू

*

वाडीची शाळा
६ एप्रिल १९४४

मेहताबबाई यांस रंगनाथचा नमस्कार.

कळवण्यास दुःख होते की सौ. साळू गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गेली. शेवटचे दिवस फार यातनेचे होते. ते लिहिता येत नाहीत. शेवटपर्यंत औषध घेत होती. मी विचारायचो, काही फरक वाटतो का? वाटतो, म्हणायची.

तुम्ही तिच्या बालमैत्रीण, म्हणून एक विचारतो. तिने माझ्या नकळत कांदा-लसूण किंवा कापूर वगैरे काही घेतलं होतं का? तुम्हाला काही बोलली होती का? पथ्य मोडल्याशिवाय असं होऊ नये. की माझंच निदान चुकलं? तिच्या स्वभावावरून कोनियमऐवजी दुसरं द्यायला हवं होतं असं आता पुस्तकं पुन्हा वाचताना वाटतं. मी माणूस ओळखण्यात चुकलो.

पण या चुकीतून शिकलो आहे. माझी चुलत बहीण बनुबाई, कानिफनाथची बायको, हिच्या छातीत तशीच गाठ निघाली आहे, अजून लहान आहे. कानिफनाथ नगरला न्यायचं म्हणत होता, मी थांबवलं. साळूच्या वेळी जे चुकलं ते हिच्या वेळी चुकणार नाही.

आपला,
रंगनाथ

*

केडगाव
१० एप्रिल १९४४

मास्तर,

साळू गेल्याचं वाचून मी ड्युटीवर गेले नाही. ती जाणार हे मला डिसेंबरपासून माहीत होतं, तरी गेले नाही.

तिने कांदा खाल्ला नाही. लसूण खाल्ला नाही. पथ्य तिने पाळलं आणि तुम्ही माणूस ओळखण्यातही चुकला नाहीत. मी आता जे लिहिते आहे ते न लिहिण्याचं तिने मला सांगितलं होतं, आणि कुणा बाईचा जीव अडला तर लिहिण्याची मोकळीकही तिनेच दिली होती. बनुबाईचा जीव अडला आहे.

मागच्या वर्षी करीच्या दिवशी तुमची पेटी साळूच्या हातून कलंडली. तेव्हापासून त्या कुप्यांत तिच्या हातचा खसखशीचा हलवा आहे. कलकत्त्याची एकही गोळी त्यात नाही. भीमाचं पोर, तुम्ही बरे केलेले सगळे ताप आणि खोकले, सगळे हलव्याने बरे झाले. म्हणजे आपोआप बरे झाले. ज्यांचं दुखणं भारी होतं त्यांना ती मागच्या दाराने श्रीगोंद्याला धाडायची.

आणि स्वतः तिने तोच हलवा खाल्ला, समजून उमजून. यमूनंतर तुम्ही त्या पेटीमुळे उभे राहिलात, ती पेटी तुमच्या हातून काढावी असं तिला वाटलं नाही. मी जुलैत तिला लिहिलं होतं, ऑपरेशनच्या वेळी शेजारी उभी राहीन, हात सोडणार नाही. ती आली नाही. डिसेंबरात मी तुमच्या ओसरीवर गप्प बसले, त्याचा जाब मला एक दिवस द्यावा लागेल.

बनुबाईला पाठवा.

मेहताब

*

वाडीची शाळा
२ मे १९४४

मेहताबबाई,

पत्र वाचलं. कुप्या फोडून पाहाव्यात असं मनात आलं, हात धजला नाही.

तुम्ही दोघी हसत होता. मी पुस्तकं उघडून बसत होतो, गावाच्या पोरांसाठी जागत होतो, आणि तुम्ही दोघी पत्रांतून हसत होता. ते जाऊ द्या. पण तुम्हाला कळतं आहे का तुम्ही काय लिहिलं आहे? माझ्या बायकोला औषध मिळालंच नाही. कोनियमच्या जागी साखर मिळाली. माझं निदान बरोबर होतं, औषधही बरोबर होतं, फक्त कुपीत ते नव्हतं. तुम्ही मला वेळेवर सांगितलं असतं तर मी मुंबईहून मागवलं असतं, कुठूनही आणलं असतं, आणि ती आज चुलीपुढे असती. इतके दिवस मी स्वतःला दोष देत होतो. तुमच्या पत्राने माझ्या शास्त्रावरचा डाग पुसला गेला, एवढाच तुमचा उपकार.

कलकत्त्याचं पार्सल मागच्या आठवड्यात आलं. बनुबाईला आता खरं औषध मिळेल.

रंगनाथ

*

केडगाव
६ मे १९४४

मास्तर,

तुम्ही मला काय वाटेल ते म्हणा, मी ऐकून घेईन. आम्ही हसलो होतो, हे खरं आहे. पहिल्या पत्रापुरतं हसलो होतो.

खरी गोळी आणि खोटी गोळी यावर मी तुमच्याशी वाद घालणार नाही. तो घालायला साळू हवी होती, तिने दोन्ही वाटून पाहिल्या होत्या. वर्षभर गावातल्या कुणालाही फरक कळला नाही, तुम्हालाही नाही, एवढंच एकदा मनाशी धरून बसा.

मी वाद हरले म्हणते, पण बाई मला द्या. गोळ्या चालू ठेवा. गाडीत द्या, दवाखान्यात येऊन द्या, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी द्या. मी स्वतः तिच्या जिभेवर ठेवीन, हात लागू देणार नाही. ती बरी झाली तर गावात सांगा, मास्तरांच्या गोळीने झाली. मी मान डोलवीन. फक्त गाठ लहान आहे तोवर तिला इथे आणा. साळूची जुलैत सुपारीएवढी होती.

मेहताब

*

बनुबाईबरोबर
१९ मे १९४४

मेहताबबाई,

चिठ्ठी घेऊन आलेली ही बनुबाई, बरोबर तिचा नवरा कानिफनाथ. दोघांना लिहिता-वाचता येत नाही. मी स्टेशनापर्यंत आलो, पुढे यायचं धाडस झालं नाही.

तुमच्या पत्रानंतर मी नव्या कोनियमच्या चार गोळ्या जिभेवर घेतल्या. मग साळूच्या कुपीतल्या चार घेतल्या. तोपर्यंत मी माझं औषध कधी खाल्लंच नव्हतं, मला कसलं दुखणं नव्हतं. दोन्ही सारख्याच गोड. नव्या विरघळून गेल्या. साळूच्या विरघळल्यावर दाताखाली बारीकसं काही आलं. खसखस.

मी ओसरीवर तसाच बसलो. ती सहा महिने रोज माझ्यासमोर बसून ही खसखस चावत होती आणि मी विचारत होतो, फरक वाटतो का? तिला खरं औषध हवं असतं तर मागता आलं असतं. पेटी सांडली एवढं म्हणायची खोटी, मी रागावणारा माणूस नव्हे. तिने मागितलं नाही. तिला माहीत होतं की मागण्यासारखं त्यात काही नाही. मला वाटत होतं मी तिला सांभाळतो आहे.

बनुबाई मला म्हणाली, "दादा, तुमच्या गोळ्या न्हाई का देत बरुबर?" मी म्हणालो, नाही. ती घाबरली आहे. तिला गोळ्या नसल्याची भीती वाटते आहे, ती तुम्ही घालवा. पेटी मी ओसरीवरून आत नेली आहे. दारात पोरं येतात, त्यांना काय सांगायचं ते अजून सुचत नाही. ताप असेल त्यांना गाडीत घालून श्रीगोंद्याला घेऊन जातो, परवाच एकाला नेलं. नदीला सध्या पाणी नाही.

डॉक्टरसाहेबांनी बनुबाईला तपासावं. कापायची गरज पडली तर कापावं. घरच्यांची हरकत नाही. खाली कानिफनाथचा अंगठा आहे आणि वडीलभाऊ म्हणून माझी सही आहे. या संमतीच्या चार ओळी लिहायला मला उशीर झाला, साळूऐवजी त्या दुसऱ्याच्या नावाने लिहितो आहे.

एकच मागणं. साळूला तुम्ही लिहिलं होतं, मी शेजारी उभी राहीन, हात सोडणार नाही. हिच्या शेजारी उभ्या राहा.

रंगनाथ